मुसके आणि टिपणवही



नाका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जकातीचा नाका उभा राहतो. शहराच्या वेशीवर गाड्या खोळंबून राहत, कारकून पावती फाडी, क्वचित चिरीमिरीही घेई, आणि गाडी पुढे जाई. त्या नाक्यावर तपासणी व्हायची ती मालाची. गाडीवानाला ‘तू का चाललास’ असे कोणी विचारीत नसे. आज मी ज्या नाक्यांविषयी बोलणार आहे ते याच्या अगदी उलट आहेत. तेथे मालाआधी माणूस तपासला जातो, आणि ‘का चाललास’ या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तरी तो पलीकडे जाईलच असा भरवसा नसतो.

हे नाके जॉर्डन नदीच्या पश्चिम काठावर आहेत. १९६७ च्या जूनमधील युद्धात इस्रायलने जो प्रदेश जिंकून घेतला, त्यात पॅलेस्टिनी अरबांच्या गावागावांमधून ते उभे आहेत. हिब्रू भाषेत नाक्याला ‘मख्सोम’ म्हणतात. या शब्दाचा धातू बायबलाइतका जुना, आणि त्याचा मूळ अर्थ तोंड बांधणे. मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून आपला शेतकरी त्याला मुसके बांधतो. यहुद्यांच्या धर्मग्रंथात तसे बांधू नये अशी आज्ञा आहे, आणि त्या आज्ञेतील क्रियापद याच धातूचे आहे. शब्दांचे दैव कसे फिरते ते पाहा. बैलाच्या तोंडाचे मुसके रस्त्याच्या तोंडाला आले, आणि ज्यांच्या वाटेवर ते आले त्या अरबांनी हा परका शब्द आपल्या व्याकरणात घालून त्याचे अरबी धाटणीचे अनेकवचनही करून टाकले!

या मुसक्यांपाशी जाऊन उभे राहण्याचा, आणि तेथे जे दिसेल ते लिहून काढण्याचा उद्योग काही इस्रायली स्त्रियांनी २००१ च्या प्रारंभी सुरू केला. त्यांच्या संस्थेचे नाव ‘मख्सोम वॉच’. माझा आजचा विषय या स्त्रियांची टिपणवही हा आहे. परंतु वहीकडे वळण्यापूर्वी नाका तेथे आला कसा, हे पाहणे प्राप्त आहे. कारण तो एका रात्रीत उगवलेला नाही.

पॅलेस्टाइनात सामान्य माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर परवान्याचे बंधन पहिल्याने व्यवस्थितपणे घातले ते इंग्रजांनी. १९३६ साली तेथील अरबांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध उठाव केला आणि तो तीन वर्षे चालला. तो मोडून काढण्यासाठी सरकारने जे अनुभवी गृहस्थ पाचारण केले, त्यांतील एकाचे नाव आपल्या देशाला चांगले परिचयाचे आहे: कलकत्त्याचा माजी पोलिस कमिशनर सर चार्ल्स टेगार्ट. बंगाली क्रांतिकारकांचा हा कर्दनकाळ. १९२४ साली गोपीनाथ साहा याने टेगार्ट समजून जी गोळी झाडली, ती अर्नेस्ट डे नावाच्या दुसऱ्याच इंग्रजाला लागली आणि साहा फासावर गेला. तोच टेगार्ट १९३७ च्या अखेरीस पॅलेस्टाइनात उतरला. त्याच्या सल्ल्याने उत्तर सरहद्दीवर काटेरी तारांचे कुंपण पडले आणि देशभर काँक्रीटच्या पोलिस-गढ्या उभ्या राहिल्या. त्यांना अजूनही टेगार्टच्या गढ्या म्हणतात. १९३८ च्या अखेरीस रस्त्याने प्रवास करायचा तर लष्करी परवाना बाळगावा असा हुकूम निघाला. पुढे १९४५ साली आणीबाणीचे संरक्षण-नियम आले. ते इंग्रजांनी केले, त्या वेळच्या यहुदी वकिलांनी त्यांचा कडाडून निषेध केला, आणि १९४८ साली इस्रायलचे राज्य झाल्यावर त्या राज्याने ते बहुतांशी तसेच उचलले. राज्यकर्ते जातात, पण त्यांनी कपाटात ठेवलेले कायदे मागे राहतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

१९४८ ते १९६६ अशी अठरा वर्षे इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांवर, म्हणजे त्या राज्याच्या नागरिकांवर, लष्करी अंमल होता. शेजारच्या शहरी मजुरीला किंवा दवाखान्यात जायचे तरी परवाना लागे. या व्यवस्थेचे टोक दिसले ते २९ ऑक्टोबर १९५६ रोजी, कफ्र कासिम या गावी. त्या दिवशी सिनाईत युद्ध सुरू झाले, आणि जॉर्डनच्या सरहद्दीलगतच्या खेड्यांची संचारबंदी रात्रीऐवजी सायंकाळी पाच वाजल्यापासून लागू केली गेली. गावच्या मुखत्याराला ही गोष्ट साडेचार वाजता कळविली. शेतांत आणि खाणींत गेलेल्या माणसांना ती अर्ध्या तासात कळणार कशी? ती नेहमीप्रमाणे सायकलींवरून, गाड्यांतून घरी परतली, आणि वेशीवर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ४९ माणसे मेली; त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. खटला झाला. न्यायमूर्ती हालेवी यांनी निकालात म्हटले की, काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात की त्यांच्यावर जणू काळा झेंडाच फडकत असतो, आणि असा हुकूम सैनिकाने पाळता कामा नये. हे तत्त्व इस्रायली कायद्यात कायमचे राहिले. शिक्षा झालेले मात्र १९६० पर्यंत सगळे सुटले, आणि ज्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमाने संचारबंदी पुढे ओढली गेली होती, त्याला दंड झाला एक नाममात्र नाणे.

मी हा प्रसंग मुद्दाम सांगितला. घरी परतणारा मजूर आणि त्याला न कळविलेला नियम, ही जोडी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९६७ नंतरची पहिली वीस-बावीस वर्षे, आश्चर्य वाटेल, पण त्या मानाने सैल होती. १९७२ च्या सर्वसाधारण परवान्याने पश्चिम काठ आणि गाझा येथील लोकांना इस्रायलमध्ये जाण्यायेण्याची मुभा मिळाली. मध्यरात्रीनंतर एकपासून पहाटे पाचपर्यंत तेवढे तेथे राहावयाचे नाही. इस्रायलला स्वस्त मजूर हवे होते, ते मिळाले. १९८७ च्या अखेरीस पहिला इन्तिफादा पेटला, आणि जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या दिवसांत, हा सर्वसाधारण परवाना रद्द झाला. त्या दिवसापासून जाणे हा नियम आणि अडविणे हा अपवाद, ही स्थिती उलटी झाली: अडविणे हा नियम आणि जाणे ही मेहेरबानी. मार्च १९९३ मध्ये सरसकट नाकेबंदी आली, आणि पूर्व जेरुसलेम, जेथे पॅलेस्टिनींची मोठी इस्पितळे आहेत, बाकीच्या पश्चिम काठापासून तुटले. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्लोच्या कराराची हस्तांदोलने झाली. १९९५ च्या दुसऱ्या कराराने पश्चिम काठाचे अ, ब, क असे तीन भाग पाडले. सुमारे साठ टक्के भूमीचा ‘क’ भाग पूर्णपणे इस्रायलच्या हाती राहिला, आणि पॅलेस्टिनी शहरे त्यात बेटांसारखी पडली. बेटातून बेटात जायचे तर मधले पाणी ओलांडावे लागते. नाके बसले ते या पाण्यावर.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इन्तिफादा सुरू झाला आणि सगळेच चिघळले. येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. इस्रायली शहरांत त्या वर्षांत बसगाड्यांतून आणि उपाहारगृहांतून आत्मघाती स्फोट होत होते. २७ मार्च २००२ रोजी नेतान्या येथे वल्हांडणाच्या भोजनाला बसलेल्यांपैकी तीस माणसे एका स्फोटात गेली. त्याच महिन्याच्या आरंभी वादी हरामिया येथील नाक्यावर एका बंदूकधाऱ्याने दहा इस्रायलींना टिपले होते. मार्च २००४ मध्ये नाब्लुसच्या दक्षिणेकडील हुवारा नाक्यावर स्फोटकांचा पट्टा बांधलेला एक कोवळा मुलगा पकडला गेला. नाक्यावरचा अठरा-वीस वर्षांचा सैनिक घाबरलेला असे, आणि त्या भीतीला कारण होते. परंतु नकाशा पाहिला म्हणजे दुसरीही गोष्ट दिसते. हुवारा नाका इस्रायलच्या सरहद्दीवर नव्हता. तो नाब्लुस शहर आणि त्याच्याच भोवतालची पॅलेस्टिनी खेडी यांच्यामध्ये होता. बहुसंख्य अडथळे याच जातीचे. त्यांनी इस्रायलमध्ये जाणारा रस्ता थोडा आणि बाजाराला, शाळेला, ऑलिव्हच्या मळ्याला जाणारा रस्ता फार अडविला. त्यांचे दुसरे प्रयोजन असे की, भोवतालच्या इस्रायली वसाहतींचे रस्ते मोकळे राहावेत.

आता त्या स्त्रिया. रॉनी येगर, आदी कुंट्समन आणि येहुदित केशेत या तिघींनी सुरुवात केली; बेथलेहेमजवळच्या नाक्यावर सैनिक लोकांशी कसे वागतात याच्या बातम्या त्यांना स्वस्थ बसू देईनात. काही वर्षांत संख्या चारशेच्या वर गेली. त्यांनी पुरुषांना प्रवेश ठेवला नाही. त्याची कारणे दोन. नाका हे बंदूकधारी पुरुषांचे ठिकाण. तेथे आणखी पुरुष गेले तर हमरीतुमरी होणार. आणि या बायका बहुतेक उतारवयाच्या, सैनिकांच्या आयांच्या किंवा आज्यांच्या वयाच्या होत्या. आजीवर बंदूक रोखताना पोराचा हात जरा अडखळतो, हे त्यांनी ओळखले होते. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे, तेव्हा नाक्यावरचा पोरगा खरोखरच कोणाचाही नातू असू शकतो. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत होतो, १९४८ नंतर हजारोंनी तिकडे गेले आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. नाक्यावर उभ्या असलेल्यांत एखाद्याची आजी घरी मराठी बोलत असेल, ही कल्पना चमत्कारिक वाटते खरी, पण अशक्य मुळीच नाही.

त्यांची पद्धत साधी. दोघी-तिघींच्या टोळ्या करायच्या, सकाळ-दुपारच्या पाळ्या लावायच्या, आणि नाक्यावर जाऊन उभे राहायचे. किती वाजता आलो, रांग किती, किती माणसे बाजूला काढून बसविली आहेत, किती वेळ, कारण काय सांगितले, हे टिपायचे. अधिकाऱ्याला विचारायचे, वरच्या कचेरीला दूरध्वनी करायचे, आणि घरी जाऊन अहवाल लिहून सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करायचा. लष्करी न्यायालयांतही त्या जाऊन बसू लागल्या. त्यांना अधिकार कोणताच नव्हता. सैनिकांपैकी काहींनी त्यांना देशद्रोही म्हटले, वसाहतींतल्या लोकांनी शिव्या दिल्या, आणि त्या आपल्या ठरल्या दिवशी पुन्हा आल्या.

या वह्यांतून जे उघडे झाले, ते मारहाणीपेक्षा निराळे आहे. मारहाणीचे प्रसंग आहेतच. पण पाने उलटीत गेले की ध्यानात येते, ते हे की नाक्यावर नियमच सापडत नाही. नाब्लुसमधून बाहेर पडायला कधी सोळा ते पस्तीस वर्षांच्या पुरुषांना सरसकट मनाई. मग एके सकाळी ती उठलेली, आणि दुपारी परत लागलेली. कालचा परवाना आज चालत नाही. शिपाई बदलला की चालतो. पुष्कळ नाक्यांवर रांगेने अमुक रेषेच्या मागे उभे राहावे असा दंडक असे, आणि ती रेषा जमिनीवर काढलेलीच नसे! ती सैनिकाच्या मनात. पाऊल पुढे पडले की ओरडा, रांग बंद, कधी त्या माणसाला शिक्षा म्हणून तासन्‌तास बसवून ठेवणे. हागार कोतेफ आणि मेराव आमीर या दोन इस्रायली विदुषींनी या न काढलेल्या रेषेवर लिहिले आहे: नियम पाळता येऊ नये अशीच जेथे रचना असते, तेथे प्रत्येक माणूस केव्हाही अपराधी ठरविता येतो. कफ्र कासिमच्या मजुरांनाही नियम मोडायचा नव्हता. तो त्यांना ठाऊकच नव्हता.

९ नोव्हेंबर २००४ रोजी नाब्लुसच्या पश्चिमेस बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिनची पेटी घेऊन आला. पेटीत स्फोटके नसतील कशावरून? त्याने व्हायोलिन काढले आणि सैनिकांसमोर, मागे रांग खोळंबली असता, वाजविले. त्याचे म्हणणे, त्याला वाजवायला लावले. लष्कराकडून याला उलट सांगण्यात आले. मख्सोम वॉचच्या एका स्वयंसेविकेने ते चित्रित केले, आणि इस्रायलमध्ये गहजब उडाला. नाझींच्या छळछावण्यांतून यहुदी वादकांना वाजवायला लावीत, ती आठवण त्या देशात अजून ओली आहे. गहजब झाला हे त्या समाजाला भूषणावह आहे, असे मी म्हणेन. पण तो कशावर झाला, हेही पाहावे. पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे २००० ते २००७ या काळात ६९ स्त्रिया नाक्यांवर अडकून तेथेच प्रसूत झाल्या. त्यांतली ३५ अर्भके आणि पाच माता दगावल्या. या आकड्यांनी तेवढा आवाज केला नाही. व्हायोलिनमध्ये यहुदी वाचकाला आपला आजा दिसला, आणि प्रसूत होणारी बाई परकी राहिली.

आता या कामातील गाठ. स्त्रियांच्या फोनाने एखादा अडकलेला रोगी सुटे, एखाद्या मुलीची परीक्षा चुकता चुकता वाचे. अधिकारी त्यांच्याशी बोलू लागले. काही नाक्यांवर सावलीला छप्पर आले, पाण्याचे नळ आले, तक्रारीसाठी माणुसकीचा म्हणून दूरध्वनी आला. तेव्हा त्यांच्यातच वाद सुरू झाला. आपण नाका हटवायला आलो की नाका नीट चालवायला? छपराखालचा नाका हा बिनछपराच्या नाक्यापेक्षा जास्त दिवस टिकेल, हे उघड आहे. काहीजणी म्हणाल्या, अधिकाऱ्यांशी बोलूच नये; केवळ पाहावे आणि लिहावे. दुसऱ्या म्हणाल्या, समोर ताप आलेले मूल आहे आणि माझ्या पिशवीत अधिकाऱ्याचा नंबर आहे. तत्त्वासाठी मी तो फिरवू नये काय? केशेत यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा वाद लपविलेला नाही. मला स्वतःला दुसऱ्या पक्षाच्या बायकांची बाजू माणसाला शोभणारी वाटते, पण भाकीत पहिलीचे खरे ठरले.

कारण नाका खरोखरच सुधारत गेला. जेरुसलेम आणि रामल्ला यांच्यामधील कलंदिया येथे धुळीतल्या चौकीच्या जागी विमानतळासारखी इमारत उभी राहिली आणि तिच्यावर गुलाबाचे चित्र काढून ‘आपणा सर्वांची आशा’ अशा अर्थाची पाटी लावली. आत लोखंडी फिरती फाटके. एयाल वाइझमन या इस्रायली वास्तुविशारदाने नोंदविले आहे की, इस्रायलमध्ये अशा फाटकांचे दांडे ७५ ते ९० सेंटिमीटर असतात. येथे लष्कराने ते ५५ सेंटिमीटर करविले, म्हणजे माणूस दांड्यांना चिकटूनच जावा. बोचकी घेतलेल्या बाया आणि पोटुशा बाया त्यात अडकल्या. २००६ पासून मोठे नाके खाजगी सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाऊ लागले. मग जाब विचारायला सैनिकही समोर राहिला नाही, राहिली काच आणि तिच्यामागचा आवाज. मख्सोम वॉचमधील काहीजणींनी या टप्प्यावर निराळेच काम अंगावर घेतले. सुरक्षा खात्याच्या काळ्या यादीत ज्यांची नावे कारण न सांगता पडली आहेत, अशा मजुरांचे अर्ज लिहून देणे, न्यायालयात दाद मागणे. यादीतून नाव निघाले तरी ते का पडले होते हे कळत नसे.

पाहणारे आणखीही होते. जागतिक चर्च परिषदेने २००२ पासून परदेशी स्वयंसेवक आणले. हेब्रॉनमध्ये तर उभय पक्षांच्या संमतीने नेमलेले अधिकृत निरीक्षक होते. तेथे २५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका वसाहतवाल्याने मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार मारले, त्यानंतरची ही योजना. नॉर्वेच्या पुढाकाराने सहा देशांची माणसे त्यात होती. परंतु त्यांचे अहवाल गोपनीय! ते दोन्ही सरकारांना आणि निरीक्षक पाठविणाऱ्या देशांना मिळत, जनतेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये नेतान्याहू यांनी मुदत वाढविण्यास नकार दिला आणि निरीक्षक घरी गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोहोंतला फरक महत्त्वाचा वाटतो. अधिकार असलेल्यांनी लिहिलेले कपाटात गेले. अधिकार नसलेल्या म्हाताऱ्यांनी लिहिलेले कोणालाही वाचता येते.

आणि नाके? नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने हालचालीविषयी खास करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत ऑगस्ट २००५ मध्ये ३७६ अडथळे होते. करारानंतर वर्षाच्या आत ते पाचशेवर गेले. २००९ साली हुवाऱ्याचा नाका सैल झाला आणि नाब्लुसचा बाजार पुन्हा हालू लागला. २०२३ च्या आरंभी मोजणी ६४५ होती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर पश्चिम काठावरील सुमारे दीड लाख मजुरांची इस्रायलकडील कामे एका फटक्यात बंद झाली, गावांच्या तोंडांना नवी लोखंडी फाटके बसली, आणि २०२५ च्या आरंभी आकडा ८४९ झाला. मधल्या काळात, १९ जुलै २०२४ रोजी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबाच बेकायदेशीर असल्याचे सल्लामत दिले.

टिपणवह्यांनी नाका हटला नाही, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु त्या वह्यांचा संग्रह आहे. २००१ पासूनचे हजारो अहवाल, हिब्रूत आणि इंग्रजीत. जेथे सत्तेची नोंदवही एकच असते, तेथे सत्ता म्हणेल तेच घडलेले असते. येथे, त्याच राज्याच्या नागरिकांनी, दुसरी वही ठेवली आहे. तिच्यातील बहुतेक पाने, प्रामाणिकपणे सांगायचे तर, कंटाळवाणी आहेत. पहाट अजून फटफटलेली नाही, मजुरांची रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली आहे, इतकी फाटके चालू, इतकी बंद, एक माणूस परत पाठविला, कारण सांगितले नाही. खाली तारीख, नाक्याचे नाव, आणि पाळीवर कोण होत्या त्यांची नावे.